मलावी काँग्रेस पक्षाची शब्दसत्ता : एक भाषिक समीक्षा

एकपक्षीय राजवटीच्या भाषेचा विचार करताना सामान्यतः एक गोष्ट गृहीत धरली जाते. सत्ताधारी पक्ष एक नवी, कृत्रिम भाषा घडवतो आणि तिच्या साहाय्याने जनतेच्या विचारशक्तीला वेसण घालतो, असे ते गृहीत आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ मधील 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीने या कल्पनेला मूर्त रूप दिले, आणि तेव्हापासून हुकूमशाहीची भाषा म्हणजे बनावट शब्दांची टांकसाळ असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण युरोपातील काही राजवटींना लागू पडत असेलही. परंतु पूर्व-मध्य आफ्रिकेतील मलावी या देशाच्या बाबतीत ते अपुरे ठरते. तेथे १९६६ पासून १९९३ पर्यंत मलावी काँग्रेस पक्ष हा एकमेव वैध पक्ष होता. या पक्षाने नवे शब्द फारसे निर्माण केलेच नाहीत. त्याने लोकांच्या जिव्हाळ्याचे जुने शब्द उचलले. नात्याचे, पहाटेचे, परंपरेचे, आणि अखेर खुद्द भाषेचे नावही त्याने आपलेसे केले. हे शब्द खोटे नव्हते. प्रत्येक शब्दात दोन पक्षांमधील जो परस्परसंबंध अभिप्रेत असतो, त्याची एक बाजू मात्र पद्धतशीरपणे छाटली गेली. ही छाटणी कशी झाली आणि मलावीतील लेखकांनी व सामान्य भाषकांनी तिला कोणते उत्तर दिले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम पक्षाचा थोडक्यात इतिहास पाहणे आवश्यक आहे. न्यासालँड या ब्रिटिश संरक्षित प्रदेशात १९४४ मध्ये न्यासालँड आफ्रिकन काँग्रेसची स्थापना झाली. १९५३ मध्ये हा प्रदेश दोन्ही ऱ्होडेशियांशी जोडून एक संघराज्य बनवण्यात आले आणि त्याविरुद्धचा असंतोष वाढत गेला. परदेशात चार दशकांहून अधिक काळ काढलेले डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा जुलै १९५८ मध्ये मायदेशी परतले व चळवळीचे नेते झाले. मार्च १९५९ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन काँग्रेसवर बंदी आली व बांडांना कारावास घडला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ऑर्टन चिरवा यांनी मलावी काँग्रेस पक्ष स्थापन केला, आणि १९६० मध्ये बांडा सुटून येताच त्याचे अध्यक्षपद त्यांच्या स्वाधीन केले. ६ जुलै १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला. दोन महिन्यांच्या आतच मंत्रिमंडळात फूट पडली आणि चिरवा यांच्यासह प्रमुख मंत्री पदच्युत झाले किंवा राजीनामा देऊन बाहेर पडले. १९६६ च्या प्रजासत्ताक घटनेने इतर सर्व पक्षांना अवैध ठरवले. १९७१ मध्ये बांडा तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. पक्ष, राज्य आणि व्यक्ती यांच्यामधील सीमारेषा यापुढे केवळ नाममात्र उरली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. १९३७ मध्ये मार्क हॅना वॉटकिन्स या अमेरिकन अभ्यासकाचे चिचेवा भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. वॉटकिन्स यांनी शिकागो विद्यापीठात हे काम केले, आणि त्यांचा माहितीदाता होता तेथेच शिकणारा, कासुंगू भागातून आलेला एक तरुण विद्यार्थी : कामुझू बांडा. एका संपूर्ण व्याकरणाचा आधार एकाच भाषकाची बोली असणे ही त्या काळच्या वर्णनात्मक भाषाशास्त्रात मान्य पद्धती होती. तिच्यात गैर काही नव्हते. पण पुढे त्याच भाषकाच्या हाती राज्य आले, तेव्हा एका व्यक्तीची बोली हीच भाषा, हे अभ्यासाच्या सोयीसाठी स्वीकारलेले गृहीत शासनाचे धोरण होण्याच्या मार्गाला लागले.

१९६८ च्या पक्ष-अधिवेशनात चिन्यांजा या भाषेचे नाव बदलून चिचेवा करण्याचा आणि तिला राष्ट्रभाषा मानण्याचा ठराव झाला. या दोन नावांतील भेद समजून घेतला पाहिजे. बांटू भाषांत 'चि-' हा नामवर्गदर्शक उपसर्ग भाषेचे किंवा रीतीचे नाव सिद्ध करतो. 'न्यांजा' म्हणजे सरोवर. तेव्हा चिन्यांजा ही सरोवराकाठच्या लोकांची भाषा. तिच्या नावात कोणत्याही एका जमातीचा हक्क सांगितलेला नव्हता. चेवा हे मात्र प्रामुख्याने मध्य प्रांतातील एका समाजाचे नाव आहे, आणि तो बांडांचा स्वतःचा समाज होय. शेजारच्या झांबियात व मोझांबिकमध्ये हीच भाषा न्यांजा या नावानेही ओळखली जात राहिली. मलावीत मात्र मध्य प्रांताची बोली शुद्ध आणि दक्षिणेची मांगांजा इत्यादी रूपे भ्रष्ट, अशी प्रतवारी नावाबरोबरच आली. उत्तरेकडील चितुंबुका ही तोवर नभोवाणीवर ऐकू येणारी भाषा होती. तिला तेथून आणि वृत्तपत्रांतून हद्दपार करण्यात आले; ती नभोवाणीवर परतली १९९४ नंतरच.

या धोरणाची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर बहुसंख्य आफ्रिकी राष्ट्रे इंग्रजी किंवा फ्रेंच यांच्या आश्रयाला गेली असताना मलावीने एका देशी भाषेला राष्ट्रीय दर्जा दिला, तिच्या कोशरचनेसाठी मंडळ नेमले आणि शाळांतून तिचे अध्यापन सुरू केले. हे कार्य केवळ देखावा नव्हते. तथापि सत्तेची भाषा कोणती राहिली, हे पाहिले की या दर्जाची मर्यादा स्पष्ट होते. संसदेच्या सदस्याला इंग्रजीचे ज्ञान अनिवार्य होते. १९८१ मध्ये बांडांनी उघडलेल्या कामुझू अकॅडमीत लॅटिन व ग्रीक हे अभिमानाचे विषय होते. आणि चिचेवाच्या शुद्धतेचे सर्वोच्च प्रमाण मानले गेलेले बांडा जाहीर सभांतून स्वतः इंग्रजीत बोलत. दुभाषा त्यांचे भाषण लोकांच्या भाषेत सांगे. राष्ट्रभाषेचा मान मिळालेल्या भाषेच्या वाट्याला ऐकण्याचे काम आले आणि बोलण्याचा अधिकार दुसरीकडेच राहिला.

हीच एकतर्फी रचना नात्याच्या शब्दांत अधिक स्पष्टपणे दिसते. चेवा, न्यांजा व याओ हे समाज मातृवंशीय आहेत. बहिणी आणि त्यांची मुले यांचा जो गट एखाद्या वडील भावाच्या किंवा मामाच्या छत्राखाली असतो त्याला 'म्बुम्बा' म्हणतात. आणि त्या गटाच्या वतीने लग्न ठरवणारा, भांडणे मिटवणारा, संकटात उभा राहणारा पुरुष म्हणजे 'न्कोस्वे'. मराठी समाजात मामाला लग्नकार्यात मान असतो. परंतु न्कोस्वेची जबाबदारी त्याहून फार मोठी, जवळजवळ पालकत्वाची असते. बांडांनी स्वतःला देशातील सर्व स्त्रियांचा 'पहिल्या क्रमांकाचा न्कोस्वे' म्हणवून घेतले आणि पक्षाच्या स्त्रिया या त्यांच्या म्बुम्बा ठरल्या. नेत्याची छबी छापलेले कापड नेसून त्या प्रत्येक समारंभात नाचत व स्तुतिगीते गात. हे येणे ऐच्छिक राहिले नाही, हे सर्वश्रुत आहे.

आता मूळ शब्दाचा संकेत तपासावा. जे. क्लाइड मिचेल यांनी 'द याओ व्हिलेज' या १९५६ मधील ग्रंथात दाखवले आहे की म्बुम्बा ही संस्था स्थिर नसते. तिच्यातील भाऊ अधिकारासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि भांडण विकोपाला गेले की एखादा भाऊ आपल्या बहिणींना घेऊन बाहेर पडतो व नवे गाव वसवतो. म्हणजे पालकाची प्रतिष्ठा त्याच्या आश्रितांवर अवलंबून असते. ज्याने कर्तव्य सोडले त्याला म्बुम्बाही सोडून जाऊ शकते. नात्याच्या या संज्ञेला अशी दोन टोके आहेत. पक्षाने त्यांपैकी आज्ञेचे टोक ठेवले आणि सोडून जाण्याच्या शक्यतेचे टोक कापून टाकले. १९६४ नंतर जे सोडून गेले ते 'बंडखोर' म्हणून ओळखले गेले. स्त्रियांचा न्कोस्वे बदलणे हा प्रकारच राज्यात अशक्य झाला. शब्द तोच, उच्चार तोच, त्यामागची ममताही ऐकणाऱ्यांच्या मनात शिल्लक. पण अर्थाची अर्धी बाजू नाहीशी. अशा शब्दाला खोटा म्हणून झिडकारताही येत नाही. त्याची पकड बनावट शब्दापेक्षा अधिक घट्ट असते ती यामुळेच.

पक्षाच्या चार 'कोनशिला' म्हणून गाजलेल्या तत्त्वांतही व्याकरणाच्या पातळीवर हेच घडले आहे. एकता, निष्ठा, आज्ञापालन आणि शिस्त ही ती चार तत्त्वे. चारही भाववाचक नामे आहेत. क्रियापदाला कर्ता लागतो आणि अनेकदा कर्मही लागते. भाववाचक नामाला दोहोंचीही गरज भासत नाही. निष्ठा कोणाची कोणावर, आज्ञा कोणाची, शिस्त कोणी कोणाला लावायची, हे प्रश्न नामाच्या रूपातच गाळले जातात. ही नामे वाक्यात घालून पाहिली, तर प्रत्येक वाक्याचा कर्ता जनता आणि लक्ष्य एकच व्यक्ती असल्याचे दिसून येते. उलट दिशेने जाणारे एकही वाक्य त्यांतून तयार होत नाही. नेत्याची जनतेवरील निष्ठा या अर्थाने तो शब्द वापरण्याची सोयच उरली नाही.

'पारंपरिक न्यायालय' या संज्ञेचा इतिहास याहून कठोर आहे. गावपंचायतीच्या न्यायदानात सर्वांसमक्ष बोलण्याला स्थान असते. १९७० च्या सुमारास या न्यायालयांना खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांची सुनावणी करण्याचे अधिकार देण्यात आले. त्यांत आरोपीला वकील देता येत नसे. पक्षाचे संस्थापक, स्वतः बॅरिस्टर आणि स्वतंत्र मलावीचे पहिले न्यायमंत्री असलेले ऑर्टन चिरवा यांना १९८१ च्या अखेरीस पत्नी व्हेरा यांच्यासह पकडण्यात आले, आणि याच परंपरेच्या नावाने वकिलाविना खटला चालवून १९८३ मध्ये दोघांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पुढे ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९२ मध्ये चिरवा झोंबा येथील तुरुंगात मरण पावले. परंपरेतील बोलण्याचा हक्क वगळून तिचे फक्त शिक्षेचे सामर्थ्य राज्याने वारशाने घेतले.

सभासदत्वाच्या कार्डाचेही तसेच झाले. पक्षात प्रवेश करणे ही स्वेच्छेची कृती; पण बाजारात जाण्यासाठी किंवा बसमध्ये चढण्यासाठी कार्ड दाखवावे लागू लागले, तेव्हा सभासद होणे आणि नागरिक असणे यांत फरक उरला नाही. धर्मश्रद्धेपोटी कार्ड घेण्याचे नाकारणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांवर १९६७ मध्ये बंदी आली, आणि १९७२ मध्ये त्यांच्यापैकी हजारो लोक छळामुळे देश सोडून झांबियात गेले. 'क्वाचा', म्हणजे उजाडले, ही स्वातंत्र्यलढ्यातील घोषणा १९७१ मध्ये चलनाचे नाव झाली; तिच्या शतांश भागाला 'तांबाला', म्हणजे कोंबडा, हे नाव मिळाले. काळा कोंबडा हे पक्षाचे चिन्ह होय. पहाट आणि तिची वर्दी देणारा पक्षी ही दोन्ही अशा रीतीने रोजच्या व्यवहाराच्या खिशात जाऊन बसली. पहाट झाली आहे हे एकदा जाहीर झाल्यावर अजून अंधार आहे असे म्हणणे राजद्रोहाच्या जवळ जाते.

भाषक समाज अशा छाटणीपुढे अगदीच हतबल नसतो. याचा एक सुबोध दाखला मलावीच्या इंग्रजीने दिला आहे. मे १९८३ मध्ये म्वांझा येथे पक्षाचे सरचिटणीस डिक मटेंजे, मंत्री एरन गडामा व ट्वाइबू सांगाला, आणि संसद-सदस्य डेव्हिड चिवांगा हे चौघे मृत्युमुखी पडले. हा मोटार-अपघात होता असे सरकारने जाहीर केले. सत्तांतरानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने ही पोलिसांनी केलेली हत्या होती असा निष्कर्ष काढला. पुढील खटल्यात १९९५ मध्ये बांडा निर्दोष सुटले. पण लोकांनी आयोगाची वाट पाहिली नव्हती. 'ॲक्सिडेंट' या नामाला प्रत्यय जोडून त्यांनी 'ॲक्सिडेंटलाइझ' असे सकर्मक क्रियापद बनवले व ते कर्मणी प्रयोगात वापरले. मराठीत त्याची छाया द्यायची तर 'त्यांना अपघात झाला' याऐवजी 'ते अपघातवले गेले' असे काहीसे ओबडधोबड रूप करावे लागेल. अपघात म्हणजे कर्ता नसलेली घटना. सरकारी निवेदनाने हा शब्द वापरून कर्ता पुसला होता. लोकांनी शब्द तसाच ठेवला. फक्त त्याला असा प्रत्यय लावला की ज्यामुळे कर्त्याची जागा वाक्यात पुन्हा निर्माण झाली. ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली, कारण ती भरणे जिवावर बेतणारे होते. व्याकरण येथे साक्षीदाराचे काम करते.

साहित्यातील प्रत्युत्तर याच जातीचे, पण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७० मध्ये चॅन्सेलर कॉलेजात लेखकांचे एक अभ्यासमंडळ सुरू झाले. जॅक मपांजे, स्टीव्ह चिमोम्बो, फेलिक्स म्न्थाली, फ्रँक चिपासुला हे कवी त्या परिसरात घडले. १९६८ च्या कायद्याने स्थापन झालेले अभ्यवेक्षण मंडळ प्रत्येक छापील ओळीवर नजर ठेवून होते. म्हणून या कवींनी दंतकथांचा आश्रय घेतला. मपांजे यांच्या १९८१ मधील 'ऑफ कमिलियन्स अँड गॉड्स' या संग्रहाच्या शीर्षकातील सरडा केवळ रंग बदलणारा प्राणी नाही. बांटूभाषी समाजांत दूरवर पसरलेल्या एका कथेप्रमाणे देवाने माणसाकडे अमरत्वाचा निरोप सरड्याकरवी पाठवला. तो रेंगाळला आणि मृत्यूचा निरोप घेऊन निघालेली पाल त्याच्या आधी पोहोचली. तेव्हा सरडा हा उशीर झालेला दूतही आहे. कवी, नेता आणि भित्रा नागरिक या तिघांनाही ही प्रतिमा एकाच वेळी लागू पडते, आणि तीच तिची शक्ती होय. पक्षाने प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ सक्तीचा केला होता. या कवितेने एकेका शब्दाला पुन्हा अनेक अर्थांचा अधिकार मिळवून दिला.

तरीही या काव्याची मर्यादा सांगितली पाहिजे. ते इंग्रजीत आहे, आणि त्याचे आवरण काही ठिकाणी इतके दाट आहे की ते भेदण्यासाठी वाचकाला कवीच्या वर्तुळातच असावे लागते. म्बुम्बा या शब्दाने ज्या स्त्रीला बांधले होते तिच्यापर्यंत हे उत्तर पोहोचत नव्हते. मपांजे हे स्वतः लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले भाषाशास्त्रज्ञ. आपल्या विभागाचे प्रमुख असताना सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांना अटक झाली आणि कोणताही आरोप न ठेवता मे १९९१ पर्यंत मिकुयू तुरुंगात ठेवण्यात आले. त्यानंतरच्या १९९३ मधील संग्रहाला त्यांनी तुरुंगाच्या आवारातील वॅगटेल, म्हणजे आपल्याकडील परीट पक्ष्यांच्या जातीचे, नाव दिले. त्यातील कविता अधिक उघड बोलतात. पहिल्या संग्रहातील अर्थांचा ताण तेथे सैल होतो, हे काव्यदृष्ट्या नुकसान आहे. पण कर्त्याची जी जागा आधी रिकामी ठेवावी लागत होती ती तेथे भरली जाते. एकाच कवीच्या दोन संग्रहांतील हा फरक केवळ शैलीचा नाही. वाक्य पूर्ण करण्याचा अधिकार परत मिळाल्याचा तो पुरावा आहे.

मौन फुटले ते मात्र कवितेने नव्हे. ८ मार्च १९९२ रोजी मलावीच्या सात कॅथलिक बिशपांचे एक पत्र देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. गरीब-श्रीमंतांतील दरी, शाळा व दवाखान्यांची दुरवस्था, मत मांडण्याची भीती, न्यायाचा अभाव या गोष्टी त्यात साध्या वाक्यांत मांडल्या होत्या. ज्यांना कर्ता, कर्म आणि क्रियापद आहे अशी ती वाक्ये होती. बिशपांना पोलिसांनी चौकशीसाठी बोलावले, पत्र राजद्रोही ठरवले गेले. पण ते ऐकले गेले होते. या घटनेवरून सूचक काव्य व्यर्थ होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अपघात या शब्दात हत्या ऐकण्याची सवय ज्या समाजाला लागली होती, त्याच समाजाला सरळ वाक्याचे मोल कळले. तथापि सूचकता हे साधन आहे, साध्य नव्हे. जेथे सरळ बोलणे शक्य झाले आहे तेथेही आडपडद्याचे कौतुक करत राहणे, ही समीक्षेची चैन ठरते.

१४ जून १९९३ च्या सार्वमतात एकपक्षीय पद्धतीचे चिन्ह काळा कोंबडा होते आणि बहुपक्षीय पद्धतीचे कंदील. जवळजवळ दोन-तृतीयांश मतदारांनी कंदील निवडला. पहाट झाल्याची घोषणा तीस वर्षे ऐकलेल्या लोकांनी अजून दिव्याची गरज आहे असे मत दिले. १९९४ च्या निवडणुकीत बांडांचा पराभव झाला. १९९७ मध्ये ते निधन पावले. त्यांचा पक्ष मात्र संपला नाही. २०२० मध्ये लाझारस चक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली तो मतपेटीच्या मार्गाने सत्तेवर आला आणि २०२५ मध्ये त्याच मार्गाने सत्तेबाहेर गेला. काळा कोंबडा, क्वाचा आणि चिचेवा हे शब्द अद्याप प्रचारात आहेत, आणि त्यांत आक्षेपार्ह काही उरलेले नाही. शब्द बदलून भाषा मुक्त झाली नाही; आश्रितांना पालक बदलण्याची मुभा परत मिळाली, तेव्हा जुन्याच शब्दांची दोन्ही टोके पुन्हा जागेवर आली.

भाषेच्या अभ्यासकांपुढे यातून एक प्रश्न उभा राहतो. १९६८ च्या ठरावाला व्याकरण, कोश आणि शुद्धलेखनाचे नियम यांचे पाठबळ हवे होते, आणि ते विद्वानांकडूनच मिळणार होते. कोशकाराला प्रमाणरूप निवडावेच लागते. त्याविना कोश होत नाही. पण 'हे रूप कोठे बोलले जाते' आणि 'हे रूप कोणी बोलले पाहिजे' ही दोन निराळी विधाने आहेत. पहिले वर्णन आहे, दुसरे शासन. मलावीतील अनुभव असा की पहिल्या विधानाचे दुसऱ्यात रूपांतर होताना एकही शब्द बदलावा लागत नाही. त्यामुळे ते रूपांतर ओळखणे आणि वेळीच बोलून दाखवणे, ही जबाबदारी व्याकरणकाराला दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.